झेम्ल्यांका आणि पेव

रशियनची दुभाषी म्हणून मी बेलारूसमध्ये अनेक गटांबरोबर हिंडले आहे. पण ‘झेम्ल्यांका’ या शब्दासाठी मला मनाजोगा मराठी शब्द कधी सापडला नव्हता. ‘झेम्ल्या’ म्हणजे जमीन, माती. झेम्ल्यांका म्हणजे जमिनीत खणलेले घर. त्याला तळघर म्हणावे तर वर घर नसते, भुयार म्हणावे तर ते कुठे जात नाही.

फेब्रुवारीतला तो गट सांगलीकडच्या पालकांचा होता; त्यांची मुले मिन्स्कला डॉक्टरकी शिकत होती. सकाळी आम्ही खातिनचे स्मारक पाहिले. २२ मार्च १९४३ रोजी नाझींच्या तुकड्यांनी तिथे गावकऱ्यांना कोठारात कोंडून ते पेटवले. १४९ माणसे गेली, त्यांत ७५ मुले होती. तिथून आम्ही जंगलात, नाझींशी लढणाऱ्या छापामारांच्या तळाची प्रतिकृती उभारली आहे तिथे पोहोचलो. बाहेर उणे १४ अंश तापमान होते, तर विझलेल्या चुलीच्या झेम्ल्यांकेत तापमापक ३ अंश दाखवत होता. त्या भागात हिवाळ्यात जमीन साधारण मीटरभर गोठते; त्याखालच्या मातीत उन्हाळ्याची ऊब मुरलेली असते, त्यामुळे घराचा तळ तिथवर नेला की अर्धे काम मातीच करते. सहाव्या-सातव्या शतकांतील स्लाव वस्त्यांमध्येही युक्रेनपासून चेक प्रदेशापर्यंत अशीच अर्धी जमिनीत गेलेली चौकोनी घरे आणि त्यांच्या कोपऱ्यातली दगडी चूल सापडते.

तिथे माहिती सांगायला ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आल्या होत्या. युद्धात गाव जळाल्यावर त्यांचे कुटुंब १९४८ पर्यंत झेम्ल्यांकेत राहिले होते. छताच्या ओंडक्यांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “यांच्यावर भूर्जाची साल, आणि सालीवर माती. थंडीची भीती नव्हती आम्हाला. भीती होती ती पाण्याची.” वसंतात बर्फ वितळले की जमिनीतून पाणी वर येई, आणि मग घरातली माणसे फळ्यांच्या माच्यावर बसून बादल्यांनी ते उपसत. म्हणूनच जागा निवडताना रेताड उंचवटा शोधत. दुसरी भीती चुलीची. निखाऱ्यांवर निळी ज्योत दिसते तोवर विषारी वायू जळत असतो. अशा वेळी ऊब राखण्यासाठी धुराडे झाकले, तर झोपलेले घर पुन्हा उठत नाही.

मी हे मराठीत सांगत असतानाच हळदीचा व्यापार करणारे एक काका म्हणाले, “ताई, अहो, हे तर आपलं पेवच की!”

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि तरीही तो शब्द मला सुचला नव्हता. काका भराभर सांगू लागले: “माती घट्ट पाहिजे, पाणी धरणारी नको. २००५ च्या पुरात किती पेवं गेली! आणि पेव उघडलं म्हणून लगेच कुणी उतरत नाही. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. विझला, तर थांबायचं.”

मी ते रशियनमध्ये सांगितले. पेवात माणसे राहत नाहीत, हळद राहते, हेही सांगितले. आजींनी लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “आणि कंदील जळत राहिला, तर खाली उतरतो कोण?”

“हमाल. पण एक जण वर दोर धरून उभा असतो.”

आजींनी मान हलवली. “आमच्याकडे आई उभी असायची. निळी ज्योत गेली, की धुराडं झाकायची आणि मगच आडवी व्हायची.”