घर क्रमांकाभोवतीचं वर्तुळ

२०२४ चा ऑगस्ट. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. १ जुलै या अर्हता दिनांकावर (त्या दिवशी ज्याचं वय अठरा पूर्ण, तो मतदार व्हायला पात्र) मतदार याद्यांचं पुनरीक्षण, म्हणजे फेरतपासणी, चालू होतं, प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागली होती आणि तहसीलच्या निवडणूक शाखेत सकाळपासून माणसांची रीघ. मी तिथला नायब तहसीलदार. (पुढे जे सांगतोय त्यातल्या बाईंची ओळख पटू नये म्हणून गाव, काम आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.)

त्या दिवशी दार उघडल्या उघडल्या एका इच्छुक उमेदवाराचा कार्यकर्ता आला. हातात पेन ड्राइव्ह.

"रावसाहेब, तालुक्याची अख्खी यादी एक्सेलमध्ये टाकून द्या. फोटोसकट. आणि मोबाइल नंबर असतील तर तेही बघा."

"एक्सेल मिळत नाही, भाऊ. नंबर तर नाहीच नाही."

"का? यादी पब्लिकच आहे की!"

दर निवडणुकीला हा प्रश्न कुणीतरी विचारतोच, आणि त्यात चूक काही नाही. यादी सार्वजनिकच आहे. मतदार नोंदणी नियम, १९६० प्रमाणे आम्हाला ती कार्यालयात लावावी लागते, कुणालाही पाहू द्यावी लागते, मान्यताप्राप्त पक्षांना प्रारूप आणि अंतिम यादीच्या दोन-दोन प्रती फुकट द्याव्या लागतात, बाकीच्यांना शुल्क भरून प्रत मिळते. पण नमुना ६, म्हणजे नव्या नोंदणीचा अर्ज, भरताना मतदार जो मोबाइल नंबर लिहितो तो यादीचा भागच नाही. तो अर्जावर राहतो. आधारचंही तेच. यादीतला फोटो मतदान केंद्रावर ओळख पटवण्यासाठी असतो. संकेतस्थळावरच्या आणि सॉफ्ट कॉपीतल्या यादीत तो टाकत नाहीत. आणि २०१८ पासून ही यादी चित्ररूपात मिळते, म्हणजे नाव टाकून शोधता येत नाही, गाळणी लावून वेगळी काढता येत नाही. त्याविरुद्ध काँग्रेसचे नेते कमल नाथ सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने निवडणूक आयोगाचं म्हणणं मान्य केलं.

हे सगळं त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बाजारात सॉफ्टवेअरवाले विकतात की, नंबरासकट!" विकतात, हे मलाही माहीत होतं. ते नंबर कुठून गोळा करतात हे त्यांनाच विचारायला हवं. आमच्या शाखेतून गेले नाहीत, एवढं मी छातीठोक सांगू शकतो. यादीच्या कामात कर्तव्यात कसूर केली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम ३२ आहे: कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. माझ्या टेबलाच्या काचेखाली ते कलम मी टाइप करून ठेवलेलं आहे, येणाऱ्यांसाठी नाही, माझ्या लोकांसाठी.

तो पेन ड्राइव्ह खिशात घालून निघाला, आणि त्याच्या मागे बराच वेळ उभी असलेली बाई पुढे झाली.

वय तिशीच्या आसपास. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. बाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला.

"साहेब, ही यादी तुमचीच ना?"

आमचीच होती. संकेतस्थळावरून काढलेली प्रिंट. वर भाग क्रमांक, खाली चौकटींच्या तीन रांगा. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, नाव, पतीचं किंवा वडिलांचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. फोटोच्या जागी फोटो नाही, नुसता रिकामा चौकोन. मधल्या रांगेतल्या एका चौकटीत घर क्रमांकाभोवती बॉलपेनने वर्तुळ काढलेलं होतं. इतकं गिरवलेलं, की कागद तिथे फाटायला आला होता.

"रविवारी नवऱ्याने हा कागद माझ्या दारातून आत टाकला."

दीड वर्षापूर्वी मार खाऊन ती मुलीला घेऊन बाहेर पडली होती. तालुक्याच्या गावी खोली घेतली, शिवणकाम धरलं. सासरच्यांना पत्ता कळू दिला नव्हता. मग मुलीच्या शाळेत पत्त्याचा पुरावा मागितला. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) मॅडम घरोघरी फिरत होत्या, त्यांनी नमुना ८, म्हणजे पत्ता बदलण्याचा किंवा नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज, भरून घेतला. स्थलांतर मंजूर झालं, नाव जुन्या गावातून निघालं, इथे लागलं. आमच्या बाजूने कुठे चूक नाही. मंजुरीच्या यादीवर सही माझ्या वरिष्ठांची, पण ती तपासून पुढे ठेवली होती मीच.

जुनं ओळखपत्र मात्र सासरी कपाटात राहिलं होतं. पत्ता बदलला तरी त्याचा क्रमांक बदलत नाही, आणि त्या क्रमांकावरून मतदाराची यादीतली जागा संकेतस्थळावर शोधता येते. पुढचं मला तिने सांगायची गरज नव्हती.

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. दहा मिनिटांपूर्वी त्या कार्यकर्त्याला मी अभिमानाने सांगत होतो की यादीतून नंबर जात नाहीत, फोटो जात नाहीत. आपले सगळे निर्बंध लाखो नावं एकदम उचलणाऱ्या परक्या माणसाला अडवायला केलेले आहेत. ज्याला एकच नाव हवंय आणि जो त्या नावाला आधीच ओळखतो, त्याला फोटोही नको आणि मोबाइल नंबरही नको. घर क्रमांक पुरतो.

"माझं नाव काढून टाका," ती म्हणाली. "मला मतदान नको."

नमुना ७ भरून स्वतःचं नाव वगळता येतं. माझ्या बाजूच्या कपाटात त्याचा गठ्ठा होता. पण माझा हात तिकडे जाईना. मारणारा मतदार राहणार आणि मार खाणारी यादीतून जाणार, आणि ते माझ्या टेबलावरून, हे मला सहन होत नव्हतं. शिवाय पत्ता तर त्याला कळलाच होता.

"ताई, बसा. आधी चहा घ्या," मी म्हणालो आणि नियमांचं पुस्तक काढलं. शोधून काही सापडणार नाही हे माहीत असूनही पानं उलटली. धोक्यात असलेल्या मतदाराचा पत्ता झाकून ठेवण्याची तरतूद आपल्याकडे नाही. (ब्रिटनमध्ये आहे, हे मी नंतर वाचलं. न्यायालयाचा संरक्षण आदेश दाखवला की यादीत नाव-पत्त्याऐवजी नुसता क्रमांक आणि 'एन' हे अक्षर येतं.) खोटा पत्ता लिहा असं मी सांगू शकत नव्हतो, खोट्या निवेदनाला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे आणि ती तिलाच झाली असती.

दोन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. पहिली लहान: पुन्हा नमुना ८ भरून 'पतीचे नाव' काढून तिथे आईचं नाव लावायचं. त्याने पत्ता झाकला जात नाही, पण त्या चौकटीत त्याचं नाव तरी राहत नाही. तो अर्ज आम्ही तिथेच भरला. आईचं नाव लिहिताना तिने पेन माझ्याकडून घेतलं आणि स्वतः लिहिलं, मोठ्या अक्षरात.

दुसरी माझ्या खात्याची नव्हती. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यात न्यायालय संरक्षण आदेश देऊ शकतं: जवळ यायचं नाही, संपर्क करायचा नाही. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होते. महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांचं कार्यालय आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. दुपारच्या सुट्टीत मी स्वतः त्या दोघींना घेऊन गेलो. तो कागद तिने परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला होता. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "हा जपून ठेवा. हाच पुरावा आहे."

संध्याकाळी मी वरिष्ठांसाठी टिपणी लिहिली: न्यायालयाचा संरक्षण आदेश असेल तर प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीत घर क्रमांक वगळावा. त्यावर अजून काही आलेलं नाही. मी पुन्हा लिहिणार आहे.

म्हणून यादी बंद करा असं मात्र माझं म्हणणं नाही. त्याच आठवड्यात एका म्हातारबाबांचं नाव 'मयत' म्हणून वगळायला आलेलं आमच्या फलकावर त्यांच्या नातवाने वाचलं आणि बाबा काठी टेकत समोर येऊन उभे राहिले. फलक नसता तर मतदानाच्या दिवशीच कळलं असतं. पुढच्या वर्षी बिहारमध्ये सुमारे ६५ लाख नावं प्रारूप यादीत आली नाहीत, तेव्हा १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नावं कारणांसह, ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधता येतील अशी प्रसिद्ध करायला लावली. ते वाचून मला बरं वाटलं. आणि त्याच क्षणी तो बॉलपेनने गिरवलेला गोल डोळ्यांसमोर आला.

आमच्याकडे २०२४ च्या २० नोव्हेंबरला मतदान झालं. बाईंनी नाव काढलं नव्हतं. रात्री उशिरा केंद्रांवरचं साहित्य परत आलं, त्यात प्रत्येक केंद्राची चिन्हांकित प्रत होती. कोण मतदानाला आलं ते त्या प्रतीवर लाल रेघेने कळतं. ती मोहोरबंद पाकिटात येते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही उघडता येत नाही, मलाही नाही. तिच्या केंद्राचं पाकीट माझ्या हातातून गेलं. मोहोर शाबूत आहे का पाहिलं, नोंद केली आणि पेटीत ठेवलं.