तेरडा आणि बकुळ

गौरी जवळ आल्या की पुण्यात मंडईबाहेर तेरड्याच्या जुड्या विकायला बसतात. पैसे मोजताना दरवर्षी मला थोडी लाजच वाटते. आमच्या रत्नागिरीकडच्या घरी तेरडा बांधावर, गडग्याच्या कडेला, पायाखाली येईल इतका. आमची गौर तेरड्याचीच. "मुळासकट काढ गो," आजी बजावायची, "मुळं म्हणजे गौरीची पावलं."

पण माझा अर्धा जीव शेंगांत. पिकल्या शेंगेला बोट लावायचं अवकाश, टच्चकन फुटायची, बिया दूर उडायच्या आणि झडपा अळीसारख्या गुंडाळून हातात राहायच्या. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली याचं नाव नोंदवलं ते 'इम्पेशन्स बाल्समिना'. लॅटिनमध्ये इम्पेशन्स म्हणजे अधीर, दम नसलेला. आपण तरी कुठे बरं बोलतो त्याच्याबद्दल? 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणून मोकळे! गौरही तीनच दिवसांची पाहुणी, पण तिला कोणी नावं ठेवत नाही.

अहो, बिचाऱ्याचं आयुष्यच एका पावसाळ्याचं. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, फुलामागच्या वाकड्या शेपटीत कीटकांसाठी मध साठवायचा आणि पुढच्या वर्षाचं बी पेरून वाळून जायचं. अधीर होणार नाही तर काय करील?

कासच्या पठारावर गुलाबी गालिचा दिसला की लोक "तेरडा, तेरडा" म्हणून फोटो काढतात. तो याचा भाऊ, 'इम्पेशन्स लॉई'. भावंडं उदंड आहेत, हजाराच्या वर. गंमत म्हणजे बाल्समिनेसी या अख्ख्या कुळात प्रजाती दोनच. एक ही हजार जातींची, आणि दुसरी हायड्रोसेरा, पाण्यात वाढणाऱ्या एकुलत्या एका जातीची. भावकीत असं एखादं घर असतंच.

पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ तेरड्याला जिरॅनियमच्या आसपास बसवायचे. डीएनए तपासल्यावर त्याचं बिऱ्हाड हललं. आता तो एरिकेल्स गणात आहे, आणि त्या गणात शेजारी कोण? चहा, चिक्कू आणि चक्क बकुळ! एकाची ख्याती तीन दिवसांत रंग उडण्याची, तर दुसरीची सुकल्यावरही वास न सोडण्याची. आजीच्या ट्रंकेतल्या लुगड्यांच्या घडीत बकुळीचे सुकलेले गजरे असत. तेरडा मात्र विसर्जनाला थेट विहिरीवर.

परवा गौरीची तयारी करताना आईला हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती जुडीतली पिवळी पानं खुडत होती.

"दोघांचा गण एकच?" मान वर न करता ती म्हणाली, "मग पत्रिका जुळतेय की."