इनहिबिटर आल्यानंतरची रात्र

लेकाचा रिपोर्ट आला. त्याला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर ८ हे प्रथिन अंगात कमी, म्हणून ते बाहेरून टोचतो. आता त्या फॅक्टरविरुद्धच्या अँटिबॉडीज, म्हणजे इनहिबिटर, निघाल्यात. प्रमाण ८ बेथेस्डा युनिट. ५ च्या वर गेलं की हाय टायटर, म्हणजे अँटिबॉडीज जास्त. म्हणजे आता फॅक्टर ८ चा नेहमीचा डोस टोचला तरी त्याच्या अंगातल्या अँटिबॉडीज तो निकामी करणार.

सासूबाईंनी हळूच विचारलं, "फॅक्टर लवकर सुरू केलं म्हणून झालं का गं?" नाही आई. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या साधारण चारांतल्या एका मुलाला हे होतं, तेही बहुतेकदा सुरुवातीच्या डोसांतच. आणि ब्लीड होत असताना फॅक्टर न देऊन कसं चाललं असतं?

एमिसिझुमॅब सुरू करायचं, यावर घरात दुमत नाही. ते सक्रिय फॅक्टर ९ आणि फॅक्टर १० यांना एकत्र आणतं, म्हणजे ८ चंच काम करतं. पण रचना वेगळी असल्याने इनहिबिटर त्याच्या वाटेला जात नाही. त्वचेखाली टोचायचं, शीर शोधायला नको. त्या पोराच्या हातांकडे बघून एवढ्यासाठीसुद्धा मी हो म्हणेन.

अडलंय ते आयटीआयपाशी, म्हणजे इम्यून टॉलरन्स इंडक्शनपाशी. महिनोन् महिने फॅक्टर ८ देत राहून शरीराला त्याची सवय लावायची. साधारण ६० ते ८० टक्के मुलांत जमतं. रोज द्यायचं तर छातीत पोर्ट, म्हणजे औषध थेट शिरेत सोडायला त्वचेखाली बसवलेली डबी, आणि पोर्ट म्हणजे जंतुसंसर्गाची धास्ती. हे म्हणतात, इंजेक्शनने भागतंय तर कशाला? पण मोठा अपघात झाला, ऑपरेशन करावं लागलं, तर एकटं एमिसिझुमॅब पुरणार नाही. मग फॅक्टर ८ ला वळसा घालून रक्त गोठवणारं, म्हणजे बायपासिंग औषध लागणार: सक्रिय फॅक्टर ७, दर दोन-तीन तासांनी. दुसरं बायपासिंग औषध एपीसीसी, गोठवणाऱ्या फॅक्टरांचं मिश्रण. पण एमिसिझुमॅबवर असताना ते जास्त दिलं गेल्यावर काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या आहेत. त्याच्या दप्तरातल्या कार्डावर हे लाल शाईने लिहायचं. शिवाय हेही, की एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी, नॉर्मल दिसली तरी तिच्यावर विसंबू नका. एमिसिझुमॅबमुळे ती फसवी येते. रात्रपाळीच्या नवख्या डॉक्टरला हे ठाऊक असेलच असं नाही.

मला त्याच्यासाठी फॅक्टर ८ परत हवंय. टायटर १० च्या खाली असताना आयटीआय सुरू केलेलं बरं असतं, म्हणून फार रेंगाळायचंही नाही.

उद्या डॉक्टरांना विचारायचं: एमिसिझुमॅब चालू असताना आयटीआयचं फॅक्टर रोजऐवजी आठवड्यातून तीनदा देता येईल का? मग पोर्ट टळेल का?