आमची वाटचाल : पंपाच्या ऑइलपासून ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) दारापर्यंत

आम्ही मुळात पंपवाले. फार्मा कंपन्यांच्या लॅबमधे मास स्पेक्ट्रोमीटर (नमुन्यातले रेणू वजनावरून ओळखणारी मशीनं) असतात, त्यांचे व्हॅक्यूम पंप उघडायचे, ऑइल बदलायचं, सोर्स (नमुना जिथे आत जाऊन आयन होतात तो भाग) साफ करायचा, एएमसी (वर्षाच्या मेंटेनन्सचं कंत्राट) मिळवायची, एवढ्यावर पुण्यात धंदा सुरू केला. पुढे एका हॉस्पिटलच्या क्रायोस्टॅटचं (टिश्यू गोठवून पातळ काप काढायच्या मशीनचं) काम मिळालं आणि फ्रोझन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गाठ कॅन्सरची आहे का ते तपासणं, हा प्रकार जवळून बघायला मिळाला. पेशंट टेबलावर, सर्जन थांबलेले, आणि इकडे पॅथॉलॉजिस्ट मॅडम उणे 20 डिग्रीला गोठवलेला तुकडा कापून, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणार, त्यात 20-30 मिनिटं आरामात जातात. ब्रेस्टचा चरबीवाला तुकडा असला तर तो धड गोठत पण नाही, ब्लेडखाली चुरगळतो, आणि बोलणी खातो आमचा इंजिनिअर.

म्हणून लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या झोल्तान तकाच यांच्या आयनाइफबद्दल (कापता कापताच टिश्यू कॅन्सरचा आहे का ते सांगणाऱ्या सर्जरीच्या चाकूबद्दल) कळलं तेव्हा मी सरळ उठून बसलो. कॉटरीनं, म्हणजे विजेच्या चाकूनं, कापताना जो धूर होतो, जो आपल्याकडे सक्शन लावून फेकून देतात, तोच हे लोक नळीनं मास स्पेकमधे ओढतात. धुरात पेशींच्या आवरणातली लिपिडं (चरबीसारखे पदार्थ) असतात, गाठीचा पॅटर्न वेगळा, चांगल्या टिश्यूचा वेगळा, तो आधी जमवलेल्या डेटाबेसशी ताडून बघायचा, तीन सेकंदांच्या आत उत्तर. 2013 च्या पेपरात 91 ऑपरेशनांमधला निकाल नंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टशी तंतोतंत जुळला होता. 2017 मधे अमेरिकेतल्या टेक्सास युनिव्हर्सिटीचं याच कामाचं मासस्पेक पेन आलं, ते कापत पण नाही, टिश्यूवर पाण्याचा थेंब टेकवून परत ओढून घेतं.

सगळे यातल्या सॉफ्टवेअरवर बोलतात, माझं डोकं मात्र मेंटेनन्सकडेच जातं. धूर म्हणजे काजळी, काजळी बसली की सिग्नल पडला! फार्मा लॅब दोन दिवस थांबते, कुरकुर करते पण थांबते, उघडलेलं पोट थांबणार आहे का? शिवाय पंपाचा आवाज, गरम हवा, ओटीत जागा कुठे? म्हणून आता आम्ही पंप शेजारच्या खोलीत ठेवून लांब लाइन टाकायचं डिझाइन करतोय, सोर्सचे पार्ट पटकन बदलता येतील अशी ट्रॉली पण बनवलीय.

आणि डेटाबेस बाहेरचा आणून भागणार नाही. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर किती, त्या गाठींचे नमुने इथेच जमवायला लागतील, एथिक्स कमिटीची परवानगी काढून. ते काम डॉक्टरांचं, मशीन बंद न पडू देणं आमचं, आणि त्याचे रेट अजून ठरवतोय.