आईंचं बीपी

रविवार, रात्री उशिरा

आई आज खालच्या दवाखान्यात जाऊन बीपी बघून आल्या. झालं ते एवढंच. लिहायला घेतलं तर एका ओळीत संपलं, पण सकाळपासून डोक्यातून काही जात नाहीये.

मशीन घरात आहे. माझं, नर्सिंगच्या पहिल्या वर्षी घेतलेलं, त्यांच्याच कपाटाच्या खालच्या खणात असतं. मीही घरातच होते, वाटणाचं खोबरं भाजत. आईंनी साडी बदलली, बटवा घेतला, "आलेच" म्हणाल्या आणि गेल्या. बऱ्याच वेळाने वर आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "दीडशे-नव्वद निघालं." ह्यांना! मी दोघांच्या मध्ये कालथा घेऊन उभी.

"आई, मला सांगायचं ना, मी बघितलं असतं."

"तू कामात होतीस गं."

आता यात राग धरण्यासारखं काय आहे? कामात तर होतेच. पण मी कामात नसते कधी? आणि तो शेवटचा "गं" असा होता की त्याच्यापुढे काही बोलताच येऊ नये.

दुपारी जर्नल पूर्ण करायला बसले, तरी तेच. खालचा कंपाउंडर बीपी कसं घेतो ते मला ठाऊक आहे. माणूस जिना उतरून येतो, खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पट्टा गुंडाळून झालेला, तोही बाहीवरून. हात लोंबता, आणि याचं "काय आजी, नातू काय म्हणतो?" चालू. याच गोष्टींवरून आम्हाला व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, रडवतात. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हाताला आधार, दंड हृदयाच्या पातळीत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. मनगटाची नाडी धरून फुगवत जायचं, नाडी लागेनाशी झाली की वर अजून ३०, आणि मग हवा सोडायची ती सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर, अजिबात घाई नाही. पहिला ठोका ऐकू आला ते वरचं, ठोके नाहीसे झाले ते खालचं. त्या आवाजांना कोरोत्कोव्हचं नाव आहे. रशियातला सर्जन, साल १९०५. हे मी पहाटेच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी बाहेर बसून पाठ केलंय, समोरची "कुठे उतरणार?" विचारत असताना. हात खाली लोंबला तरी आकडा चढतो, पट्टा लहान पडला तरी चढतो. तेव्हा त्या दीडशेतले आईंचे किती आणि कंपाउंडरचे किती, देव जाणे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बीपी घेताना पेशंटने बोलायचं नाही. इथे मला एकटीलाच हसू आलं. आई आणि पाच मिनिटं गप्प!

पण हसू टिकलं नाही. वॉर्डात मला कोण नाही म्हणतं? मेल मेडिकलला ते आजोबा, मी ट्रे घेऊन दिसले की आपणहून बाही वर सारतात आणि "सिस्टर, आज कुठला हात?" विचारतात. त्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही. फीमेल वॉर्डातल्या मावशींना परवा मी स्पंज दिला. पडदा लावायचा, चादरीखालून एकेक हात, एकेक पाय तेवढाच उघडा करायचा, पुसून कोरडा करून झाकायचा, मग पुढचा. त्या डोळे मिटून पडून होत्या. परक्या बाईने परकीच्या हाती आपलं सगळं अंग दिलं, आणि माझ्या घरातल्या बाईला मला नुसता दंड द्यायचा नाही.

का? विश्वास नाही? नसेलही. वॉर्डात तरी कुठे पूर्ण आहे. मी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेऊन चार्टवर मांडलं तरी स्टाफ सिस्टर विचारतेच, "स्टुडंटने घेतलंय का? परत बघ गं जरा." त्यात गैर काही नाही, ते तसंच असायला हवं. पण कॉलेजात मी सगळ्यात मोठी. जीएनएमला, म्हणजे आमच्या नर्सिंगच्या कोर्सला, वयाची अट ३५, मी त्या दारातून अक्षरशः दार लागता लागता आत शिरले. बाकी सगळ्या अठरा-एकोणीसच्या, मला ताई म्हणतात, परवा एकीच्या तोंडून "काकू" निघून गेलं आणि ती बिचारी माझ्यापेक्षा जास्त ओशाळली. तिकडे मी काकू, वॉर्डात स्टुडंट, घरात सून. तीन वर्षांचा कोर्स. तो संपेल, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होईल, तेव्हा तरी आई बाही वर करतील का? की तेव्हाही मी कामात असेन?

बांगड्यांचंही मनातून गेलेलं नसणार त्यांच्या. ड्यूटीवर मनगटात काही चालत नाही, जंतू अडकतात, हात नीट धुता येत नाहीत. मी गाडीत काढते आणि येताना गाडीतच घालते. एकदा घालायच्या राहिल्या आणि तशीच घरात आले. आई काही बोलल्या नाहीत, नुसत्या मनगटाकडे बघत राहिल्या. असो.

चिऊच्या वहीत बाईंनी लाल पेनाने जे लिहिलंय, त्याबद्दल आज लिहायचं नाही.

मगाशी पुस्तक मिटताना एक आठवलं. मागे मी बेडसोरचा धडा मोठ्याने वाचत होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलावी, टाचा, माकडहाड, खुबे, कोपरं रोज तपासावीत, चादरीला सुरकुती राहू देऊ नये. आई गवार निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग दादांचं आम्ही काय करत होतो?" मी "हो ना" म्हणून हसले आणि पुढे वाचत राहिले. दादांना अर्धांग झालं तेव्हा मी या घरात नव्हते, नंतर ऐकलंय फक्त. रात्रीसुद्धा उठायच्या म्हणे. कूस बदलायला, लघवीचं बघायला, भरवायला. पाठीवर साधा लाल डाग येऊ दिला नाही. त्यांना कुणी सिस्टर म्हटलं नाही, कुणी जर्नल लिहायला लावलं नाही की खाली सही केली नाही. आणि आता मी येते पांढरा गणवेश घालून, त्यांना सांगायला, की आई, हात असा ठेवा, पाय असे ठेवा, बोलू नका.

मीही नसता दिला हात. कदाचित. का हे मला नीट सांगता येत नाहीये, आणि आता फार ताणायचंही नाही.

रात्री भांडी पुसताना ह्यांना विचारलंच, आई तिकडे का जातात म्हणून. हे म्हणाले, "ती बीपीसाठी जाते असं तुला खरंच वाटतं?" मग माझ्या डोळ्यांसमोर तो बाक आला. दवाखान्याच्या दारातला. बी विंगमधल्या दोघी, दूधवाल्याची आई, कधी पहिल्या मजल्यावरच्या काकू. रविवारी सकाळी सगळ्यांचीच डोकी जड असतात. तिथे बीपीच्या आधी तासभर सुनांचं बीपी निघतं. आता मी घरीच पट्टा बांधून मोकळी झाले, तर त्यांनी माझी तक्रार करायची कुणाकडे? माझ्याकडे? "हल्ली सून घरात नसतेच हो, भाकऱ्या मलाच थापाव्या लागतात" हे मला सांगण्यात काय मजा? आणि मी तर म्हणणार, आई, बोलू नका, आकडा चुकतो.

मला तर आता त्या दीडशे-नव्वदचा केअर प्लॅनच दिसायला लागलाय. निरीक्षण: रुग्णास विश्रांती मिळालेली नाही, तोंड सतत चालू. नियोजन: सूनेचा विषय टाळणे. मूल्यमापन: शक्य नाही. मॅडमना दाखवला तर सही मिळणार नाही, पण हसतील नक्की.

गंमत पुरे. एका आकड्यावरून काही ठरत नसतं, पण आई आधीच गोळीवर आहेत, तेव्हा दीडशे-नव्वद नुसतं सोडूनही देता येत नाही. म्हणून त्या झोपल्यावर त्यांच्या डबीतली पट्टी बघितली. एव्हाना संपायला हवी होती. मागच्या बाजूला वार छापलेले असतात, तिथे डोकं चाललं. सोमवार शिल्लक, गुरुवार शिल्लक, बाकीच्या फोडलेल्या. म्हणजे उपासाच्या दिवशी गोळी नाही! रिकाम्या पोटी कशी घ्यायची, असं धरून चालल्या असणार, किंवा गोळीनेही उपास मोडतो असं. खालच्या दवाखान्यात एवढा वेळ बसतात, पण हे तिथे कुणी विचारलं नसणार, आणि विचारलं असतं तरी बाकावरच्या बायकांसमोर त्यांनी सांगितलं नसतं.

हे मला कळलं, कंपाउंडरला नाही. एवढा आनंद मी करून घेणार आहे.

उद्या सोमवार. मला साडेसातच्या आत वॉर्डात हँडओव्हरला उभं राहायचंय, म्हणजे आई उठतील तेव्हा मी दादरच्या पुढे असेन. ह्यांना आता उठवून सांगितलंय, की सकाळच्या चहाबरोबर गोळी त्यांच्या हातावर ठेवायची, घेतली का ते बघायचं, आणि विचारलंच तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायचं. माझं नाव अजिबात घ्यायचं नाही.