रोपर वाफगाडी, चौथाई माप: फीड पंप अखेर चालला

अमेरिकन संशोधक सिल्व्हेस्टर रोपरच्या वाफेवर चालणाऱ्या दुचाकीचं चौथाई मापाचं मॉडेल मी बनवतोय. काल रात्री बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीतलं पाणी डोळ्यांदेखत वर सरकलं. कोळसा पेटलेला, चाक रोलरवर फिरतंय, दाब 40 पीएसआयवर टिकून आणि बॉयलर पाणी घेतोय! अख्खा पावसाळा याच्यामागे गेला.

दुखणं असं होतं. गार असताना बॉयलरला पाणी पुरवणारा पंप ठणठणीत, वाफ धरली की मान टाकायचा. खोलून पाहावं तर झडपेची बैठक स्वच्छ, गळती रोखणारा ग्लँड कोरडा. मुळात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या रोपरच्या 1869 च्या सुमाराच्या गाडीत पाण्याची टाकी बसायच्या सीटमध्येच आहे. खाली बॉयलर, मागे धुराडं. मॉडेलमध्ये टाकी तिथेच ठेवली, त्यामुळे पाण्याला हात लाववत नाही इतकं ते तापतं. दट्ट्या मागे आला की सक्शनमध्ये (पाणी ओढणाऱ्या नळीत) दाब कमी होतो, गरम पाणी तिथेच उकळतं, आणि पुढच्या ठोक्याला दट्ट्या नुसती वाफ दाबत बसतो. नळीचा व्यास चौथाई केला की छेद सोळावा हिस्सा उरतो, पाणी मात्र पातळ होत नाही. छोट्या मापात हे जास्त छळतं ते यामुळे.

आता सक्शन नळी 2 ऐवजी 4 मिमी आहे, टाकीखाली उष्णता अडवायला कॉर्क आहे, झडपेचं काम करणाऱ्या छर्‍याची उचल कमी केली आहे. पण खरा फरक पडला तो पंपाच्या डोक्यातली मोकळी जागा पितळी बूच बसवून भरल्यावर. वाफेला दडायला जागाच उरली नाही.

छर्‍यांबद्दल एक सांगतो. एका दुकानातून स्टेनलेस म्हणून आणलेले आठवड्यात गंजले. चुंबकावर विसंबू नका, 440 हा अस्सल स्टेनलेस ग्रेडही चिकटतो. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून बघा, मगच बसवा.

एक्झॉस्ट (वापरून झालेली वाफ) धुराड्याच्या बुडाशी सोडण्याची रोपरची युक्ती या मापातही सुरेख चालते. चाकाने वेग घेतला की निखारे लालबुंद होतात. बघतच राहावं!

पुढे रंगकाम ठरलं होतं, पण लिहिता लिहिता बेत बदलतोय. रोपरचे दट्टे थेट मागच्या चाकाच्या क्रँकवर, आणि पंपही डाव्या क्रँकवरूनच. मूळ 34 इंची चाक ताशी 15 किमीला मिनिटाला जेमतेम 92 फेरे घेतं, म्हणजे पंपाला ठोकेही तेवढेच. गाडी थांबली की पाणी बंद. पळाली की गरजेपेक्षा जास्त. (पॅरिसच्या लुई-गिलॉम पेरोने आपल्या वाफेच्या दुचाकीत पट्ट्याने चाक फिरवलं, तिथे इंजिनाचा वेग वेगळा ठेवता येतो. पुढचं मॉडेल त्याचंच.) तेव्हा आधी बायपास कॉक (तोटी). जास्तीचं पाणी टाकीत परत जाईल, आणि सुरुवातीला कॉक उघडा ठेवला तर पंपात अडकलेली वाफही त्याच वाटेने निघून जाईल. भोक 3 मिमी पुरावं. कुणाकडे त्या मापाचा जुना पितळी कॉक पडून असेल तर कळवा, नाहीतर रविवारी लेथवर बसतो.