तुम्ही विचारलंत म्हणून: रश्श्याच्या गावात बिनदुधाचं, बिनमटणाचं जेवण

प्रश्न सारखा येतो आणि बहुतेक याच शब्दांत येतो: "कोल्हापुरात राहून मटण-अंडी तर नाहीच, वर दूध, दही, तूपसुद्धा नाही. मग लग्नाकार्यात, पाहुण्यांच्यात, मित्रांच्या जेवणात करता तरी काय?"

करायचं एवढंच, की पातेलं चुलीवर चढायच्या आधी बोलायचं. आदल्या दिवशी फोन करा, ते जमलं नाही तर निदान वाटण परतायच्या आधी सांगा. आपल्याकडच्या बऱ्याच पदार्थांचा पाया झाडा-वेलींचाच असतो. कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं-लसूण, कोथिंबीर, कांदा-लसूण चटणी आणि तेल. मटण, लोणी, तूप, दही हे त्यात नंतर येतं. ते पडायच्या आधी दोन पळ्या बाजूला काढल्या की घरच्या बाईला वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. पान वाढून समोर आल्यावर "हे मला चालत नाही" म्हटलंत तर ती बिचारी घाईघाईनं लोणचं-भात पुढं करते, आणि पाहुणा उपाशी उठला याची रुखरुख तिला आठवडाभर लागते.

सगळ्यात अवघड वाटणारी जागा म्हणजे रस्सा मंडळ, म्हणजे मित्रांनी जमून स्वतः मटण-रस्सा करून खायची पार्टी. पण खरं तर तिथंच काम सोपं आहे, कारण स्वयंपाक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतो. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून वेगळं शिजतं. त्याचं जे पाणी निघतं ते अळणी. वाटण दुसऱ्या पातेल्यात तेलावर परतलं जातं, त्यात चटणी पडते, तेल सुटतं, आणि मग त्यावर अळणी ओतलं की तांबडा रस्सा झाला. म्हणजे तेल सुटल्यापासून अळणी ओतेपर्यंत तुमची वेळ. माणशी दोन मोठे चमचे परतलेलं वाटण काढून घ्या, छोट्या पातेल्यात दीड वाटी कढत पाणी घाला, शिजवलेली मटकी किंवा बटाट्याच्या फोडी टाका आणि दहा मिनिटं उकळा. पाणी गारच ओतलंत तर कट, म्हणजे तेलाचा लाल तवंग, वर येत नाही, रस्सा फिकट आणि मळकट दिसतो. एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या: वाटण तेलातच परतणार ना? काही आचारी मटणाची चरबी वितळवून त्यात परततात. तसं असेल तर कच्चं वाटण मागून घ्या आणि स्वतः परता.

त्यानंतरची अडचण पळीची. एकच पळी चारी पातेल्यांत फिरते. तुमचं पातेलं कडेला ठेवा, त्यात स्वतःची पळी टाका आणि वाढायला जो उभा राहणार त्याला नावानं सांगून ठेवा. सगळ्यांना एकदम सांगितलं की कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पांढरा रस्सा घरून करून नेण्यासारखा आहे, आणि तो न्यावाच असं माझं मत आहे, कारण रिकाम्या हातानं येऊन स्वतःची सोय मागणाऱ्यापेक्षा सहा जणांना पुरेल एवढं घेऊन येणारा मंडळींना जवळचा वाटतो. मटणाच्या पांढऱ्या रश्श्याला अंग येतं ते हाडांतून सुटणाऱ्या चिकट अंशामुळं. तो नसेल तर काजू-खसखस थोडी वाढवावी लागते. सहा जणांसाठी १५ काजू, २ छोटे चमचे खसखस आणि १ मोठा चमचा पांढरे तीळ अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून गंधासारखं बारीक वाटा. खसखस भरड राहिली तर रस्सा तोंडात रवाळ लागतो. एका नारळाचं पहिलं दाट दूध एक वाटी आणि दुसरं पातळ दूध दीड वाटी काढून वेगवेगळं ठेवा. पाव किलो दुधी, एक कांदा, ८ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, २ तमालपत्रं, ४ लवंगा आणि ६ मिरी १ लिटर पाण्यात पंचवीस मिनिटं उकळून गाळून घ्या. फ्लॉवरचे दांडे घालायचे तर दोन-तीनच, जास्त झाले आणि जास्त शिजले की उग्र वास सुटतो. दोन चमचे तेलात दालचिनी, वेलदोडे आणि आल्याबरोबर ठेचलेल्या ३ हिरव्या मिरच्या टाका. रंग धरू द्यायचा नाही. मग काजूचं वाटण मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, गाळलेलं पाणी घाला, एक चांगली उकळी येऊ द्या, आच कमी करा, पातळ दूध घाला आणि अगदी शेवटी दाट दूध.

इथून पुढं उकळी नको. नारळाच्या दुधातला स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं जास्त उष्णतेनं गोळा होतात, आणि रस्सा फुटतो. मीठ शेवटी, लिंबू अजिबात नाही. पार्टीच्या ठिकाणी कुणीतरी हमखास तो मोठ्या जाळावर गरम करायला ठेवतो, तेव्हा तेवढा वेळ स्वतः पातेल्यापाशी उभं राहायचं.

बाहेर खायचं तर मिसळ तुमची हक्काची. मटकी, बटाट्याची भाजी, फरसाण, कट. दह्याची वाटी बहुतेक वेगळी येते, ती "नको" म्हणायची. ब्रेडच्या पाकिटावर मात्र दूध पावडर लिहिली आहे का बघा. हिरवा ठिपका बघून निर्धास्त होऊ नका, दुधाच्या पदार्थांनाही तोच ठिपका असतो. घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जीची जी ओळ असते तिथं 'दूध' हा शब्द शोधायचा. खासबागेतली भेळ चालते, फक्त फरसाण कशात तळलंय ते विचारा.

ढाब्यावर अख्खा मसूर मागवताना ऑर्डरलाच सांगा: "फोडणी तेलाची, बटर नको, क्रीम नको, वरनं पनीर किसू नका." चार गोष्टी नावानं सांगा. "दुधाचं काही नको" एवढंच म्हटलंत तर बटर येतंच, कारण बटर म्हणजे दूध असं गडबडीच्या वेळी कुणाच्या डोक्यात येत नाही. नान टाळा, त्याच्या पिठात बहुतेक दही किंवा दूध असतं. तंदुरी रोटी बिनबटरची मिळते, पण पीठ कशात मळलंय हे विचारून. ज्वारीची भाकरी सगळ्यात निर्धोक, फक्त काही ठिकाणी वर लोण्याचा गोळा ठेवून आणतात. 'व्हेज कोल्हापुरी' नावाच्या भाजीवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक हॉटेलात ती वेगळी असते, आणि ग्रेव्हीत क्रीम पडलेलं तिखटाखाली कळत नाही.

बोलायचं कसं, हेही विचारलं जातं. "जैन जेवण द्या" म्हणून सोय करून घ्यायचा मोह होतो, कारण आपल्या भागात जैन जेवण सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात कांदा, लसूण, बटाटा जातो आणि पनीर-तूप राहतं, म्हणजे नेमकं उलटं होतं. "माळ घातलीय" म्हटलं की कुणी आग्रह करत नाही, मटणाचं ताट आपोआप पुढं सरकतं. माळकऱ्यांचा आपल्याकडं तेवढा मान आहे. पण घातली नसेल तर म्हणू नका, तो मान दुसऱ्यांनी पाळून मिळवलेला आहे. अ‍ॅलर्जीचं खोटं कारणही नको. यजमान घाबरतात, आणि ज्यांना खरंच दूध बाधतं त्यांचं बोलणं पुढं कुणी मनावर घेत नाही. "काकू, मी मांस-अंडी, दूध-तूप खात नाही. बाकी सगळं खातो. भाकरी, खर्डा आणि तेलातली भाजी असली तरी पोटभर जेवण होतं." यातलं शेवटचं वाक्य सोडू नका. काय नको हे ऐकून माणूस गोंधळतो, काय चालेल हे कळलं की कामाला लागतो.

लग्नात नवरीच्या वडलांना काही सांगू नका, त्यांच्या डोक्याला शंभर व्याप असतात. घरातल्या कुणाकडून तरी केटररचा नंबर घ्या आणि दोन दिवस आधी आचाऱ्याशी बोला. मसाले भातावर तूप साधारण शेवटी सोडतात, तेव्हा त्याआधी एक डबाभर भात काढून ठेवणं त्यांना जड नसतं. साधं वरण शिजतं तेव्हा त्यात तूप नसतं, ते वाढताना पडतं. फोडणीच्या आमटीचं मात्र विचारावं लागतं. सुकी बटाट्याची भाजी, भजी, पापड, चटणी चालतं. पुरीच्या पिठात कुणी दूध घालतात. कोशिंबिरीत बहुतेक दही असतं, म्हणून काकडी-टोमॅटो चिरलेलं आधीच मागून ठेवा. जिलेबी निरुपद्रवी दिसते, पण पीठ आंबवायला दही वापरतात आणि तळणीत कधी तूप असतं. बुंदी, मोतीचूर यांचंही तसंच. पंगत असेल तर वाढप्याला पहिल्याच फेरीला खूण करा, कारण तुपाची वाटी घेऊन येणारा माणूस विचारत नाही, वाढून पुढं जातो. आणि लांबच्या लग्नाला निघताना शेंगदाणे-गूळ खाऊन निघा. पोटात काही असलं की माणूस चिडत नाही.

प्रसादाची गोष्ट वेगळी, तिथं श्रद्धेचा प्रश्न येतो. सत्यनारायणाचा शिरा म्हणजे रवा, साखर, तूप, दूध, केळं, सगळं सव्वाच्या मापानं. त्यात बदल करा असं सांगायचा अधिकार पाहुण्याला नाही. पंचामृतात दूध, दही, तूप तर आहेच. हात मागं घेऊ नका. दोन्ही हातांनी प्रसाद घ्या, कपाळाला लावा आणि घरातल्या माणसाला द्या, नाहीतर बांधून न्या. शक्य असेल तर पूजेआधी यजमानीणबाईंना विचारा, "वहिनी, नैवेद्यातलं केळं किंवा नारळाचा तुकडा मला द्याल का?" खोबरं, खडीसाखर, फळं, खिरापत हाही प्रसादच आहे, आणि तो मिळाला म्हणून कमीपणा वाटायचं कारण नाही.

सणांना उलट सोय चांगली असते. गौरी येतात त्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी: पुरण हरभऱ्याच्या डाळीचं आणि गुळाचं, पारी तेलाची, कटाची आमटी तेलाच्या फोडणीची. तूप येतं ते तव्यावर. पहिल्या दोन पोळ्या तेलावर भाजून बाजूला ठेवायला सांगा, नंतर सांगून उपयोग नाही, तवा तुपाचा झालेला असतो. दुधाऐवजी गुळवणी घ्या, पण त्यात नारळाचं दूध घातलंय की गाईचं ते विचारा. स्वतः करणार असाल तर गुळाचं पाणी उकळून खाली उतरवा आणि मग नारळाचं दूध घाला. संक्रांतीच्या तिळगुळाच्या वडीत चमचाभर तूप असू शकतं, हलव्यात सहसा नसतं.

चहाला तर रोजच तोंड द्यावं लागतं. "कोरा चालेल" म्हटलं की घरच्यांना वाटतं, दूध नाही म्हणून दिला असं दिसेल. म्हणून आपणच म्हणावं, "गुळाचा कोरा, गवती चहा टाकून." हे ऐकायला आवडीचं वाटतं. करणाऱ्याला एक सांगा: दुधाच्या चहासारखा उकळत ठेवू नका. कपाला अर्धा छोटा चमचा पावडर, पाणी उकळल्यावर गॅस बंद करून टाकायची आणि दोन मिनिटांत गाळायचं. जास्त राहिली की कडू होतो आणि दोष तुमच्या आवडीवर येतो.

जेवताना दुधाविरुद्ध बोलू नका. ही विनंती मनापासून आहे. गोकुळ हा आपल्या जिल्ह्याचा दूध संघ १९६३ पासून आहे, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पोरांची फी दहा दिवसांच्या दूध बिलातून भरली जाते. ज्या म्हशीचं दूध तुम्ही नाकारता तिला त्याच घरच्या बाईनं पहाटे वैरण घातलेली असते. कुणी विचारलं तर दोन वाक्यांत कारण सांगा, जास्त ऐकायचं असेल तर जेवण झाल्यावर अंगणात बसून बोला.

मोठी माणसं तब्येतीची काळजी करतात, ती खोडून काढू नका. त्यातला बी-१२चा मुद्दा बरोबरच आहे. ते वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं रक्त तपासून घ्यावं. "गोळी चालू आहे, तपासणी केली आहे" एवढं सांगितलं की आजीचा जीव भांड्यात पडतो.

आणि तुमच्या घरी लोकांना बोलवा. आमंत्रणातच सांगून टाका की दुधाचं, मटणाचं काही नसेल. मिसळ, भाकरी, भरलं वांगं, खर्डा, पांढरा रस्सा, सोलकढी असा बेत असला तर कुणाला कमी पडत नाही. कोजागिरीचं आमंत्रण असेल तर मसाला दुधासाठी १०० ग्रॅम काजू दोन तास भिजवा, ५० ग्रॅम बदाम भिजवून सोला, दोन्ही अगदी बारीक वाटून १ लिटर पाण्यात मिसळा. मंद आचेवर सतत ढवळत गरम करा, साखर, वेलची, जायफळ, केशर घाला. काजूमुळं ते गार होताना दाट होतं, म्हणून उतरवताना पातळच ठेवा. उरलं तर दुसऱ्या दिवशी पाणी घालून सैल करा आणि हळू कोमट करा. जोरात उकळलंत तर तळाला धरतं आणि गुठळ्या होतात.